नोकरी गेली, पेपरातली अक्षरं मोजत बसले आणि जन्माला आला 'स्क्रॅबल'!

हातात सात अक्षरं आहेत, त्यात एक 'क्यू' आहे आणि 'यू'चा पत्ताच नाही! स्क्रॅबल खेळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. मग हळूच मोबाईल काढून 'क्यू असलेले इंग्रजी शब्द' शोधले जातात. पण या खेळात 'क्यू'ची सोंगटी एकच आणि 'ई'च्या मात्र तब्बल 12, हा हिशोब कुणी मांडला?

त्या माणसाचं नाव अल्फ्रेड मोशर बट्स.

मंदीत गेलेली नोकरी

बट्स यांचा जन्म 13 एप्रिल 1899 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात झाला. शिक्षणाने ते आर्किटेक्ट. सगळं सुरळीत सुरू असताना अमेरिकेत महामंदी आली. बांधकामं थांबली आणि 1931 मध्ये बट्स यांची नोकरी गेली.

रिकामा वेळ भरपूर होता, पण पैसे नव्हते. त्यांनी ठरवलं, एखादा खेळ तयार करून विकायचा. आधी त्यांनी बाजारातल्या खेळांचा अभ्यास केला. फाशांच्या खेळात सगळं नशिबावर, तर बुद्धिबळात सगळं डोक्यावर. शब्दांचा असा खेळ हवा ज्यात दोन्ही असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

पेपर, पेन्सिल आणि मोजणी

एडगर अ‍ॅलन पो यांच्या 'द गोल्ड बग' या कथेत एक गुप्त संदेश उलगडला जातो. कोणतं अक्षर किती वेळा आलंय, हे मोजून. हीच युक्ती बट्स यांनी उचलली. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारखी वर्तमानपत्रं समोर घेऊन ते एकेक अक्षर मोजू लागले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, सगळं काम हातानेच!

जे अक्षर जास्त वेळा येतं, त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी. जे क्वचित येतं, त्याचं उलट. म्हणूनच 'ई'ला 1 गुण, तर 'क्यू' आणि 'झेड'ला 10. 'एस'च्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला. कोणत्याही शब्दाला 'एस' लावून अनेकवचन करणं फारच सोपं झालं असतं, म्हणून 'एस' फक्त 4.

नकारावर नकार

पहिल्या खेळाचं नाव होतं 'लेक्सिको'. त्याला बोर्डच नव्हता. 1938 मध्ये बट्स यांनी 15 बाय 15 चौकटींचा बोर्ड जोडला आणि नाव ठेवलं 'क्रिस-क्रॉस वर्ड्स'. सोंगट्या ते घरीच बनवायचे. पण पार्कर ब्रदर्स, मिल्टन ब्रॅडली अशा बड्या कंपन्यांनी खेळ नाकारला. पेटंटही मिळालं नाही. तोवर त्यांना आर्किटेक्टची नोकरी परत मिळाली होती. खेळ मित्रमंडळींपुरताच उरला.

नाव बदललं, नशीब बदललं

1948 मध्ये जेम्स ब्रुनो यांनी बट्स यांच्याकडून हक्क घेतले. अट एकच, प्रत्येक संचामागे बट्स यांना थोडी रॉयल्टी मिळेल. ब्रुनो यांनी नियम सोपे केले आणि खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव दिलं.

तरी सुरुवात तोट्यानेच झाली. 1949 मध्ये सुमारे 2,400 संच बनले आणि 450 डॉलर बुडाले. मग 1952 च्या सुमारास 'मेसीज' या मोठ्या दुकानाच्या प्रमुखांनी सुट्टीत हा खेळ खेळला. परत येऊन पाहतात तर आपल्याच दुकानात तो नाही! त्यांनी मोठी ऑर्डर दिली आणि मागणी इतकी वाढली की संच पुरेनात. 1954 मध्ये जवळपास 40 लाख संच विकले गेले.

बट्स यांना काय मिळालं?

एका संचामागे जेमतेम काही सेंट. कोट्यधीश ते कधीच झाले नाहीत, पण त्याची खंतही त्यांनी बाळगली नाही. मिळालेल्या रॉयल्टीतला एक तृतीयांश करात गेला, एक तृतीयांश त्यांनी देऊन टाकला आणि उरलेल्यात मजेत जगलो, असं ते सांगत.

आणखी एक गंमत. या शब्दखेळाच्या जनकाचं स्पेलिंग कच्चं होतं! पत्नी नीना त्यांना स्क्रॅबलमध्ये सहज हरवायच्या.

4 एप्रिल 1993 रोजी, 94 व्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना बट्स यांचं निधन झालं. ज्या जॅक्सन हाइट्स भागात त्यांनी हा खेळ घडवला, तिथल्या एका रस्त्याच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलचे गुण लिहिलेले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी हातात 'क्यू' अडकला, तर खेळावर वैतागू नका. जवळपास 90 वर्षांपूर्वी एका बेरोजगार माणसाने पेपरात तो शोधला होता, आणि त्यालाही तो क्वचितच सापडला होता!