मलिक अंबर

जालना जिल्ह्याच्या बदनापूर तालुक्यात रोषणगाव नावाचे गाव आहे. इ. स. १६१६ मध्ये या गावाच्या परिसरात एक मोठी लढाई झाली. एका बाजूस मोगल बादशहा जहांगीर याची बलाढ्य फौज होती. दुसऱ्या बाजूस अहमदनगरच्या निजामशाहीचे सैन्य होते. निजामशाही सैन्याचा नायक हाच त्या राज्याचा मुख्य प्रधानही होता. त्याची जन्मभूमी मात्र महाराष्ट्रात नव्हती. ती समुद्रापलीकडे, आफ्रिका खंडात होती. लहानपणी तो गुलाम म्हणून बाजारात विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

आफ्रिकेच्या पूर्व भागात इथिओपिया हा डोंगराळ देश आहे. आपल्याकडे पूर्वी त्याला हबसाण म्हणत व तेथील लोकांना हबशी म्हणत. इ. स. १५४८ च्या सुमारास त्या देशात अंबरचा जन्म झाला. त्या काळी माणसांचा क्रयविक्रय राजरोस चाले. कोवळ्या वयातच तो आईबापांपासून दुरावला आणि एका व्यापाऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात बगदाद शहरी पोहोचला. तेथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याची बुद्धिमत्ता ओळखली. त्याने त्याला विद्या शिकविली आणि अंबर हे नाव दिले.

पुढे दैवाने त्याला दक्षिण हिंदुस्थानात आणले. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता. राज्यकारभार कसा चालतो, फौज कशी राखावी, हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबरला गुलामगिरीतून मुक्तता मिळाली. काही वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली व नंतर तो निजामशाहीत परतला.

इ. स. १६०० मध्ये त्या राज्यावर घोर संकट कोसळले. शूर चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला आणि बाल निजामशहा कैद झाला. राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. परंतु अंबर खचला नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका राजपुत्रास परांडा येथे गादीवर बसविले आणि राज्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, राजे नामधारी होते. खरा कारभारी मलिक अंबर होता.

मोगलांजवळ अवजड तोफा व अफाट सैन्य होते. उघड्या मैदानात त्यांच्याशी टिकाव लागणे कठीण, हे अंबरने जाणले. म्हणून त्याने चपळ मराठा घोडेस्वारांच्या तुकड्या उभारल्या. हे स्वार शत्रूची रसद तोडीत, रात्री छावणीवर छापे घालीत आणि शत्रू सावध होण्यापूर्वीच डोंगरदऱ्यांत दिसेनासे होत. यालाच गनिमी कावा म्हणतात. याच बळावर त्याने अहमदनगरचा किल्ला परत मिळविला.

तथापि त्याला अपयशही सोसावे लागले. रोषणगावच्या लढाईपूर्वी त्याचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले. लढाईत त्याचा पराभव झाला. त्याने इ. स. १६१० मध्ये मोठ्या हौसेने वसविलेले खडकी शहर शत्रूने उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही त्याला सोडून द्यावा लागला. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या जवळ आले होते. दुसरा एखादा हताश होऊन बसला असता. अंबरने मात्र पुन्हा फौज जमविली आणि पुन्हा रणात उडी घेतली. इ. स. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही या दोन्ही सत्ता एकत्र होऊन त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी व चिखल केला आणि त्यांचा धुव्वा उडविला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे बंधू शरीफजी यांना येथेच वीरमरण आले.

तलवारीइतकेच त्याचे लक्ष नांगराकडेही होते. त्यापूर्वी साऱ्याची वसुली इजारदारांकडे असे. सरकारात ठराविक रक्कम भरली, की ते शेतकऱ्यांकडून मन मानेल तेवढे उकळीत. अंबरने ही इजारदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरविली आणि प्रत्यक्ष उत्पन्न पाहून सारा बांधून दिला. वसुलीचे काम गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे सोपविले. त्यामुळे आपल्याला किती द्यावयाचे आहे, हे शेतकऱ्याला आधीच कळू लागले. खडकी शहरासाठी त्याने नहर बांधविली. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या मार्गाने, केवळ उताराच्या साह्याने, शहरात खेळविले. पुढे कित्येक पिढ्या या नहरीचे पाणी प्याल्या. हीच खडकी नंतर औरंगाबाद झाली. आज तिला छत्रपती संभाजीनगर म्हणतात.

अंबरच्या अंगी कठोरपणाही होता. ज्या राजपुत्रास त्याने गादीवर बसविले, त्याच्याशी पुढे त्याचे वितुष्ट आले; तेव्हा त्याने त्याचा घात करविला व दुसऱ्यास राजा केले. सत्तेसाठी केलेले हे कृत्य त्याच्या चरित्रावरील डागच होय. परंतु सर्व सत्ता हाती असूनही तो स्वतः गादीवर बसला नाही, हेही तितकेच खरे.

इ. स. १६२६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, मलिक अंबर मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याच्या मागे निजामशाही फार काळ तगली नाही; इ. स. १६३६ मध्ये ती लयास गेली. राज्य गेले, पण त्याने घालून दिलेली जमीनमहसुलाची व्यवस्था मराठी मुलखात पुढेही आदर्श मानली गेली. ज्याला एके काळी स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याने परक्या भूमीला आपली मानले आणि तिच्या रक्षणासाठी व तेथील रयतेच्या सुखासाठी आपले आयुष्य वेचले. माणसाचे मोल त्याच्या कुळावरून वा जन्मस्थानावरून ठरत नाही. ते त्याच्या कर्तृत्वावरून ठरते, हेच त्याचे चरित्र आपल्याला शिकविते.