काचेच्या पेटीत समुद्र आणणाऱ्या जानबाई

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. ते आपल्यापैकी पुष्कळ जणींनी मुलाबाळांबरोबर पाहिलेले आहे. काचेमागे रंगीत मासे फिरताना पाहून मुले हरखतात, आणि खरे सांगायचे तर आपणही हरखतो. पण ही काचेची पेटी मुळात कोणाला सुचली, हे फारसे कोणी विचारीत नाही. ती सुचली एका शिवणकाम करणाऱ्या बाईला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तिचीच हकीकत सांगावी असे वाटले.

जान व्हिलप्रे हिचा जन्म १७९४ साली फ्रान्समधील ज्युयाक नावाच्या लहानशा गावी झाला. शिक्षण म्हणाल तर लिहिण्यावाचण्यापुरते. माझे सातवीपर्यंतचे शिक्षण त्यापुढे बरेच म्हणावे लागेल! अठराव्या वर्षी ती पॅरिसला निघाली, आणि सुमारे चारशे किलोमीटरची ती वाट तिने पायी तुडवली असे सांगतात. पॅरिसमध्ये एका शिवणकामाच्या दुकानात ती कामाला राहिली. १८१६ साली सिसिलीच्या राजकन्येचे लग्न फ्रान्सच्या राजघराण्यात झाले, त्या लग्नाच्या पोशाखावरील भरतकामाने तिचे नाव झाले. त्याच सुमारास जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली, आणि १८१८ साली सिसिली बेटावरील मेसिना शहरी दोघांचे लग्न झाले. येथून पुढे मी त्यांना जानबाईच म्हणते.

मेसिना हे समुद्राकाठचे बंदर. नवरा व्यापारात गुंतलेला, घरी खाऊनपिऊन सुख. जानबाईंनी रिकामा वेळ पुस्तकांत आणि किनाऱ्यावर घालवायला सुरुवात केली. बेटभर हिंडून फुलपाखरे, शंख, दगड, वनस्पती गोळा केल्या, आणि विद्या आपली आपणच शिकल्या.

त्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा एक जीव असतो. अष्टपादाच्या म्हणजे ऑक्टोपसच्या जातीचा. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र शंखात राहते, आणि त्या शंखावरच्या नाजूक चुण्या पाहिल्या की कोणी हाताने घातल्या आहेत असे वाटावे. या शंखावरून विद्वानांत मोठा वाद होता. हा शंख त्या जिवाचा स्वतःचा, की दुसऱ्या कोणाचे घर बळकावून तो आत बसलेला? शंख अंगाला चिकटलेला नसतो, म्हणून पुष्कळांना तो चोरच वाटे. त्याचे दोन रुंद, पदरासारखे हात म्हणजे होडीची शिडे, अशीही फार जुनी समजूत होती.

मेलेल्या, दारूत बुडवून ठेवलेल्या जिवाकडे पाहून हा वाद मिटणारा नव्हता. जिवंत जीव रोज डोळ्यांसमोर हवा. पण बादलीत ठेवलेला समुद्रातला जीव लवकरच गळाठतो, हे कोळणीसुद्धा सांगेल. म्हणून १८३२ साली जानबाईंनी काचेची पेटी करवून घेतली. तीत समुद्राचे पाणी भरून घरातच निरीक्षण करायचे. दुसरी पेटीही काचेची, पण ती पिंजऱ्यात बसवून उथळ समुद्रात ठेवायची. तिसरा नुसता पिंजराच, नांगर बांधून खोल पाण्यात सोडायचा. जिवाला जसे पाणी मानवेल तशी त्याची सोय.

मग त्यांनी अर्गोनॉटच्या शंखाचा तुकडा मोडला आणि पाहात बसल्या. जिवाने आपले ते रुंद हात शंखावरून फिरवले, भोकावर पातळ पडदा आला, आणि काही दिवसांत तो कठीण झाला. अंड्यांतून निघालेल्या पिलांना शंख नव्हता, पुढे त्यांनी तो स्वतःच केला. म्हणजे शंख चोरीचा नव्हे, आणि पदरासारखे हात शिडे नव्हेत. शंख विणण्याची ती हत्यारे होती. शिवणकाम केलेल्या बाईच्या नजरेला हे दिसावे, याचे मला तरी नवल वाटले नाही.

दुसऱ्या एका ऑक्टोपसला त्यांनी मोठा शिंपला उघडण्याची वाट पाहताना आणि तो उघडताच मध्ये दगड सारताना पाहिले. असली चतुराई मेलेल्या जिवात कशी दिसणार?

अशा पेटीची शोभा कशात असते हे यावरून कळते. जानबाईंच्या पेटीत रंगीत खडे नव्हते की खोटी फुले नव्हती. जीव आत निर्धास्त असला की तो आपले सर्व रंग आणि काम दाखवतो. आजकाल लोक पोवळ्यांच्या पेट्या ठेवतात, त्यांचेही तसेच. पोवळे हा दगड नव्हे, तो जीव आहे. पुष्कळ पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते व उजेडावर त्यांच्यासाठी अन्न तयार करते. उजेड कमी पडला, पाणी तापले किंवा नासले, तर ते शैवाल निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. मग कितीही महाग पेटी असो, ती भकासच दिसते. लंडनच्या ॲना थिन या बाईंनी १८४६ साली जिवंत पोवळी घरी आणली, तेव्हा पाण्याला हवा लागावी म्हणून मोलकरीण ते खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आता ते काम विजेचा पंप करतो.

जानबाईंना कातानियाच्या विद्वत्सभेने सभासद करून घेतले. असा मान तेथे मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पण १८३८ साली मोठा घाला आला. त्यांचा संग्रह आणि कागदपत्रे लंडनला घेऊन जाणारे जहाज बुडाले. वर्षानुवर्षांची मेहनत समुद्रानेच परत नेली! १८३९ साली त्यांनी आपल्या निरीक्षणांचे पुस्तक प्रसिद्ध केले, १८४२ साली सिसिलीची माहिती देणारे दुसरे. पुढे सिसिली सुटले, आणि समुद्रावरचे ते काम पुन्हा तसे झाले नाही.

इंग्लंडात फिलिप गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने घरोघरी अशा पेट्यांचे वेड पसरले, आणि शोधाचे श्रेय दुसऱ्यांना मिळू लागले. तेव्हा रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञांनी १८५८ साली लिहून तो मान जानबाईंना दिला. त्या तेव्हा हयात होत्या, हे बरे झाले.

१८७० साली पॅरिसला वेढा पडला तेव्हा त्या आपल्या जन्मगावी ज्युयाकला गेल्या आणि १८७१ च्या जानेवारीत तेथेच वारल्या. शुक्र ग्रहावरील मोठ्या खळग्यांना थोर स्त्रियांची नावे देतात. त्यांतल्या एकाला १९९७ साली जानबाईंचे नाव मिळाले. शुक्रावर पाण्याचा थेंब नाही, एवढे मात्र त्यांना विचारायला हवे होते.