हृदयात नळी घालणारे डॉक्टर

लयीचे हिशेब वडिलांनी शिकविले, ते दरबारी गवई. आज बालाघाटात मी मुलांकडून तेच घोटून घेतो. त्यामुळे वेर्नर फोर्समन यांच्या चरित्रातही मला हिशेबच दिसतो.

जन्म १९०४ चा, बर्लिनचा. छाती न उघडता हृदयाचा ठाव घ्यावा म्हणून १९२९ साली एबर्सवाल्डच्या रुग्णालयात, वरिष्ठांची मनाई असता, त्यांनी आपल्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकविली. तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीत चालत गेले! पदरी पडली उपेक्षा. पुढे मूत्ररोगांची वैद्यकी पत्करली. १९३२ साली ते नाझी पक्षात शिरले, तो डाग पुसत नाही.

न्यूयॉर्कच्या कूर्नां व रिचर्ड्स यांनी त्याच वाटेने नळी फुफ्फुसाच्या धमनीत नेली. तेथील दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरांत, वरचा सुमारे २५, खालचा १०. फरकाचा तिसरा हिस्सा खालच्यात मिळविला की सरासरी १५. अंगातल्या १२०-८० ला तोच हिशेब लावा, येतात ९३. रक्त तेवढेच, दाब मात्र सहावा हिस्सा! आमच्यासारख्या खाणींच्या मुलखात हे ठाऊक हवे. दगडाची धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात साचली की हा दाब चढतो, हृदयाची उजवी बाजू थकते.

१९५६ साली तिघांना नोबेल मिळाले. फोर्समन १९७९ साली वारले.