भिवाचं गोणपाट : साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांनी काय सोसलं आणि त्यातून आपल्या शाळांनी काय घ्यायचं?

म्हसवड : दरवर्षी ७ नोव्हेंबरला राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिन पाळला जातो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नऊ वर्षांच्या एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. रजिस्टरला नंबर पडला १९१४ आणि नाव लागलं भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर शाळेनं आजही जपून ठेवलं आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून शासनाने विद्यार्थी दिन सुरू केला.

या दिवशी गावोगावी फोटोला हार घातला जातो, पोरं भाषणं करतात. बाबासाहेब किती शिकले, किती पदव्या मिळवल्या हे सगळ्यांना पाठ असतं. पण शाळेत त्यांच्या वाट्याला जे आलं ते एका वाक्यात उरकलं जातं. वर कोणीतरी असंही म्हणून जातं की त्रास सोसला म्हणूनच ते एवढे मोठे झाले. हे कितपत खरं आहे ते त्यांच्या आयुष्याकडे बघूनच ठरवावं.

वर्गात वेगळी जागा

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महू इथल्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पेन्शन झाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच आई भीमाबाई वारल्या. तेव्हा भिवा पाच-सहा वर्षांचा होता. वडिलांच्या बहिणीने, मीराआत्याने, या पोरांचा सांभाळ केला.

शाळेत नाव तर लागलं, पण इतर मुलांबरोबर बसता येत नव्हतं. भिवाने वर्गात एका बाजूला बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावत नसे. त्यामुळे संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन यायचं.

पाण्याचं त्याहून अवघड. इतर मुलं तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जात आणि पाणी पिऊन येत. भिवाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शाळेचा शिपाई असेल तर तो नळ सोडणार, मग भिवा पाणी पिणार. शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. घरी कपडे धुवायला परीट तयार नव्हता, केस कापायला न्हावी तयार नव्हता. दोन्ही कामं घरातल्या बहिणीच करायच्या. पैसे नव्हते म्हणून ही वेळ आलेली नव्हती. पैसे देऊनही ही कामं करायला कोणी राजी नव्हतं.

इथं एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. यात कोणी मारकुटं, गुंड पोरगं नाही. मास्तर, शिपाई, झाडूवाला, वर्गातली मुलं, सगळे रोजची रीत पाळत होते. रीतच तशी असल्यामुळे कोणाला आपण काही वाईट करतोय असं वाटत नव्हतं. शाळेतला सगळ्यात जास्त टोचणारा छळ बहुतेक वेळा असाच असतो. तो कोणी एकटा करत नाही, त्यामुळे त्याची तक्रारही कोणाकडे करता येत नाही.

खटावच्या वाटेवर

१९०१ सालची गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. दुष्काळ होता. लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने खटाव तालुक्यात गोरेगाव इथं तलावाचं काम काढलं होतं. माण-खटावच्या माणसाला दुष्काळी काम काय असतं ते सांगायला नको. रामजी त्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना तिकडं बोलावलं.

भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची पोरं अशी सगळी नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना कळवलेलं पत्र नोकराच्या चुकीने त्यांना मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. स्टेशन मास्तरने चौकशी केली. पोरांनी सरळ आपली जात सांगितली. तेवढ्यावर त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला.

बैलगाडीवाला गाडी जुंपायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण अट घातली की गाडी पोरांनीच हाकायची, तो मागून चालत येणार. अंधार पडला. शिदोरी जवळ होती, पण पाणी नव्हतं. वाटेत ओढ्याचं पाणी होतं ते शेणामुताने घाण झालेलं. मध्यरात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं तिथंही मिळालं नाही. जेवण पुढ्यात असून पोरं उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती गोरेगावला पोहोचली.

त्या प्रवासापर्यंत शाळेतलं वेगळं बसणं भिवाला रोजचं वाटत होतं. मसूरच्या वाटेवर त्याला समजलं की हे शाळेपुरतं नाही. पुढे मोठेपणी आपल्या आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला. पोटच्या पोराचा अपमान झाला तर तो चार दिवसांत विसरतो असं आईबापांना वाटतं. नऊ वर्षांच्या पोराने सोसलेलं पन्नाशीच्या माणसाला तपशिलासकट आठवत होतं.

दोन गुरुजी

त्याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे शिक्षक होते. मधल्या सुट्टीत भिवाला जेवायला लांब घरी जावं लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला द्यायचे. ती द्यायचे हातावर वरूनच टाकून. म्हणजे रीत त्यांनीही पुरती मोडली नव्हती. पण पोरगं उपाशी आहे हे त्यांनी बघितलं आणि आपल्याला जमेल ते रोज केलं. बाबासाहेब १९३० साली गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या गुरुजींचं पत्र आलं. ते पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवलं.

दुसरे पेंडसे गुरुजी. एकदा भिवा पावसात चिंब भिजून वर्गात आला. गुरुजींनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवलं, गरम पाण्याने अंघोळ घालायला आणि नेसायला कोरडं द्यायला सांगितलं. त्या काळात त्या घरात त्या पोराला पाठवणं ही साधी गोष्ट नव्हती.

या दोघांनी शाळेचा नियम बदलला नाही. पण वर्गात आपल्याकडे बघणारं एक तरी मोठं माणूस आहे हे त्या पोराला कळलं. शाळा सोडून जाणारं पोरगं आणि टिकून राहणारं पोरगं यात बऱ्याचदा एवढाच फरक असतो.

मुंबईत तेच

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेलं आणि परळच्या चाळीत राहू लागलं. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलला जाऊ लागला. मोठं शहर, सरकारी शाळा, तरी एकदा मास्तरांनी त्याला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं तेव्हा वर्गात गोंधळ उडाला. फळ्यामागे इतर मुलांचे डबे ठेवलेले होते. ते बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे बाजूला केले. मग भीमरावने फळ्यावर खडू धरला.

त्याला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिकवलं गेलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं.

१९०७ साली तो मॅट्रिक झाला. सत्काराची सभा झाली, तिथं केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ ला बी. ए. आणि १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ.

परत आल्यावर तरी छळ थांबला का? १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली टाकायचे. राहायला जागा मिळाली नाही, उतरले होते तिथून लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. १९१८ ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. साताऱ्याच्या नळाजवळचं पोरगं परदेशी पदवी घेऊन आलं, तरी माठ तोच होता.

म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांना घेऊन ते पाणी प्यायला गेले तेव्हा ती नुसती तहानेची गोष्ट नव्हती. आणि पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर जे लिहिलं गेलं त्यात अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आहे. विहिरी, तलाव, रस्ते यांवर कोणालाही अडवता येणार नाही असं सांगणारं कलम १५ आहे. सरकारी मदतीच्या शाळेत जातीवरून प्रवेश नाकारता येणार नाही हेही संविधानातच आहे. शिक्षणासाठी त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज आणि औरंगाबादचं मिलिंद कॉलेज ही त्याच संस्थेची. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं.

त्रासामुळे कोणी मोठं होत नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. भिवा टिकला तो त्रासामुळे टिकला नाही. रोज अभ्यास घेणारे वडील होते, सांभाळणारी आत्या होती, भाकरी देणारे गुरुजी होते, पुस्तक देणारे केळुसकर होते, शिष्यवृत्ती देणारे महाराज होते. ही माणसं नसती तर तेवढ्याच हुशारीचं पोरगं शाळेतून गळालं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. त्या काळात गोणपाटावर बसलेली किती पोरं अशी गळाली, त्यांची नावं कुठल्याच रजिस्टरला सापडणार नाहीत.

शाळा वेगळी चालवता येते हे त्याच साताऱ्याने नंतर दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकाच पंगतीला जेवायची. त्यासाठी कायद्याची वाट बघावी लागली नाही. चालवणाऱ्याने ठरवलं आणि झालं.

आज कोणाला गोणपाटावर बसवत नाहीत. पण आडनाव ऐकून जात काढणं, रंगावरून, बोलण्यावरून, बापाच्या धंद्यावरून चिडवणं, ऊसतोडीवरून वर्षाच्या मध्येच आलेल्या पोराला मागच्या कोपऱ्यात बसवणं, मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर फिरवणं हे चालू असतं. विचारलं की उत्तर तयार असतं, पोरांची चेष्टा आहे, सगळीकडे असंच असतं. साताऱ्याच्या शाळेतही तेव्हा सगळ्यांना असंच वाटत होतं.

आता कायदा पाठीशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. लैंगिक त्रास असेल तर पॉक्सो आहे, आणि अशी गोष्ट कळूनही दडवणं हासुद्धा गुन्हा आहे. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा आदेश आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, त्यांना बैठकीत हा विषय काढता येतो. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालू असतो.

पालकांनी एवढं करावं. पोरगं अचानक शाळेला नको म्हणायला लागलं, डबा तसाच परत आणायला लागलं, तर आधी रागावू नये, विचारावं. शेजारी कोण बसतं, सुट्टीत कोणाबरोबर जेवतोस, पाणी प्यायला कोणी अडवतं का? आणि आपलं पोरगं दुसऱ्याला चिडवत असेल तर तेही तितकंच गांभीर्याने घ्यावं.

येत्या ७ नोव्हेंबरला फोटोला हार घालून झाल्यावर प्रत्येक गुरुजींनी आणि बाईंनी आपल्या वर्गावरून एकदा नजर फिरवावी. कोण एकटं बसलंय, मधल्या सुट्टीत कोण एकटं जेवतंय ते बघावं आणि त्याच दिवशी त्याची जागा बदलावी.