४२.३४ मीटरवरील उषा मेहता

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत चौपाटीजवळच्या एका जागेतून काँग्रेस रेडिओचे पहिले प्रक्षेपण झाले, तेव्हा उषा मेहता अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. सुरतजवळच्या सरस गावी २५ मार्च १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. तरीही वयाच्या आठव्या वर्षी सायमन कमिशनविरोधी मिरवणुकीत ही मुलगी होती. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईत आले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या. 'छोडो भारत'ची हाक आली आणि तो अभ्यास मागे पडला.

नेते तुरुंगात, वृत्तपत्रांवर निर्बंध. अशा वेळी विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी यांच्यासारखे सहकारी, राममनोहर लोहियांचे साहाय्य आणि 'शिकागो रेडिओ'च्या नानक मोटवाने यांच्याकडील सामग्री या बळावर केंद्र उभे राहिले. आष्टी-चिमूरच्या घटना, जमशेदपूरचा संप या दडपलेल्या बातम्या त्यावरून घरोघरी पोहोचल्या.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये प्लेटला साधारणपणे काही हजार ओहमचा भार हवा असतो, तर एरियलचा रोध बहुधा काही दहा ओहम. कॉइल आणि कंडेन्सरने ही तफावत मिटवली नाही, तर शक्ती हवेत न जाता व्हॉल्व्ह तापवण्यात वाया जाते. एरियल जोडलेल्या सर्किटचा 'क्यू' १० ते १२ च्या आसपास राखण्याचा प्रघात आहे. तो फार कमी असल्यास दुप्पट-तिप्पट वारंवारितेच्या नको त्या लहरी बाहेर पडतात. फार वाढल्यास प्रवाह कॉइलमध्येच फिरून तिला तापवतो. पोलिसांना चुकवण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. जागा बदलली की एरियलची उंची, भोवतालच्या भिंती बदलतात आणि जुळणी नव्याने करावी लागते. अंतिम जुळणी एरियल जोडून, यंत्र चालू ठेवूनच होते. म्हणजे बातमीचा पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच लहर बाहेर पडलेली असते आणि पोलिसांची शोधवाहने शहरात फिरत असतात!

घात मात्र माणसाने केला. एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. सहा महिने चौकशी झाली, परदेशी शिक्षणाचे आमिष दाखवले गेले. त्यांनी तोंड उघडले नाही. न्यायालयातही उत्तर देणे बंधनकारक नसल्याची खात्री करून घेऊन त्या मौन राहिल्या. चार वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी येरवड्याला झाली. सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणातील चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली, तोच हा तुरुंग.

१९४६ मध्ये सुटका झाली. प्रकृती खालावली होती. पुढे गांधीजींच्या राजकीय विचारांवर त्यांनी पीएच.डी. मिळवली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या; ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.