मोटारसायकल न आवडणाऱ्या इंजिनिअरमुळे आपल्या दारात स्कूटर आली

सोलापुरात चार मित्र बसले आणि दुचाकीचा विषय निघाला की दोन गट पडतातच. एक म्हणतो गाडी म्हणजे बुलेट, बाकी सगळं खेळणं. दुसरा म्हणतो, ते ठीक आहे, पण घर चालवलं ते चेतकनेच.

दुसऱ्याचं म्हणणं पटायला चाळिशीपुढच्या माणसाला फार वेळ लागत नाही. पायाशी चादरींचा गठ्ठा ठेवून नव्या पेठेतून निघालेली चेतक त्याने पाहिलेली असते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला निघालेलं कुटुंबही पाहिलेलं असतं. पुढे उभं पोरगं, हँडलवर बाप, मागे साडी सावरत एका बाजूला बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटं.

आता गंमत बघा. ही गाडी ज्या माणसाच्या डोक्यातून निघाली, त्याला मोटारसायकल अजिबात आवडत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला स्कूटरही बनवायची नव्हती. त्याला हेलिकॉप्टर बनवायचं होतं.

त्याचं नाव कोराडिनो दास्कानियो.

इटलीच्या आब्रुत्सो भागात पोपोली नावाचं छोटं गाव आहे. तिथे १ फेब्रुवारी १८९१ ला त्याचा जन्म झाला. लहानपणापासून उडण्याचं वेड. पक्ष्याचं वजन किती, पंख किती लांब, याचा हिशोब मांडत बसायचा. पंधराव्या वर्षी त्याने स्वतः एक ग्लायडर तयार केलं आणि गावाजवळच्या टेकड्यांवरून उड्या मारून बघितल्या.

१९१४ मध्ये तुरिनमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. लगेच पहिलं महायुद्ध लागलं आणि काम मिळालं ते विमानांच्या इंजिनांचं. युद्ध संपल्यावर दास्कानियो हेलिकॉप्टरच्या मागे लागले. जागेवरून सरळ वर उठणारं यंत्र नीट कसं उडवायचं, हे तेव्हा जगात कुणालाच जमलं नव्हतं.

१९२५ मध्ये पिएत्रो ट्रोयानी या उमरावाच्या पैशावर त्यांनी कंपनी काढली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, रोमजवळच्या चॅम्पिनो विमानतळावर त्यांचं हेलिकॉप्टर हवेत उठलं. ८ मिनिटं ४५ सेकंद ते हवेत राहिलं. एक किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापलं आणि १८ मीटर उंची गाठली. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण तेव्हा ते जागतिक विक्रम होते.

विक्रम झाले, ऑर्डर मात्र आल्या नाहीत. कंपनी बंद पडली. १९३२ मध्ये दास्कानियो पियाजिओ या कंपनीत नोकरीला लागले. तिथे त्यांनी विमानाच्या पंख्यांवर काम करून नाव कमावलं, पण हेलिकॉप्टर डोक्यातून गेलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. पियाजिओचा पोंतेदेरा इथला कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध हरलेल्या इटलीत विमानं बनवण्याचा प्रश्नच उरला नाही. रस्ते फुटलेले, लोकांच्या खिशात पैसे नाहीत, कार परवडत नाही. मालक एनरिको पियाजिओ यांनी ठरवलं की आता साध्या माणसाला परवडेल अशी दुचाकी काढायची.

त्यांच्या इंजिनिअरांनी एक नमुना बनवलाही होता. त्याला टोपणनाव पडलं पापेरिनो, म्हणजे बदकाचं पिल्लू. मालकांना तो पसंत पडला नाही. त्यांनी काम दास्कानियोंकडे दिलं. ज्याला मोटारसायकलीचा कंटाळा, त्यालाच दुचाकी करायला सांगितली!

आणि नेमकं तेच कामाला आलं. मोटारसायकलीवर प्रेम करणाऱ्याने आणखी एक मोटारसायकल बनवली असती. दास्कानियोंनी मात्र आपल्याला तिच्यात काय खटकतं, तिथून सुरुवात केली.

पहिली तक्रार, बसायला टांग टाकावी लागते. लुगडं-साडी किंवा झगा घातलेल्या बाईला, वयस्क माणसाला ते जमत नाही. त्यांनी मधली टाकीच काढून टाकली आणि पाय ठेवायला सपाट जागा केली.

दुसरी, साखळीचं तेल आणि रस्त्याचा चिखल कपड्यांवर उडतो. त्यांनी इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलं. साखळीच गेली. वर पत्र्याचं झाकण आणि पुढे पायांसाठी ढाल.

तिसरी, पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो. विमानाचं चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलेलं असतं, तसंच त्यांनी पुढचं चाक बसवलं. नट सोडले की चाक हातात.

चौथी, गिअर पायात. ते त्यांनी क्लचसकट डाव्या मुठीत आणले. आणि वेगळा सांगाडा न ठेवता दाबून घडवलेल्या पत्र्याची बॉडी हाच सांगाडा केला, ही युक्तीही विमानातलीच.

२३ एप्रिल १९४६ ला पेटंटचा अर्ज गेला. इंजिन फक्त ९८ सीसीचं. बारीक कंबर, मागे फुगीर आणि गुणगुणणारा आवाज पाहून मालकांना गांधीलमाशी आठवली. इटालियन भाषेत गांधीलमाशी म्हणजे व्हेस्पा. १९५३ मध्ये रोमन हॉलिडे सिनेमातून ती जगभर पोचली आणि १९५६ पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या.

आपल्याकडे ती आली बजाजमुळे. १९४८ मध्ये आयात सुरू झाली, १९५९ मध्ये इथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीतून गाड्या निघू लागल्या. पियाजिओबरोबरचा करार संपल्यावर १९७२ मध्ये त्याच घडणीची गाडी चेतक या नावाने आली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

मग बुलेटवाल्यांचं काय? त्यांचंही चूक नाही. मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होणारी ३५० सीसीची बुलेट लांब रस्त्याला शांतपणे ओढते, वजनामुळे जमिनीला धरून राहते. मैसूरच्या जावाची मजा वेगळी. उठाव झटपट, दोन सायलेन्सर आणि गिअरचाच दांडा वर करून मारायची किक. राजदूत घेणाऱ्याला थाट नको होता. दुधाचे कॅन लादून कच्च्या रस्त्याने रोज जाणारी आणि गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी गाडी हवी होती.

या सगळ्यांची चाकं मोठी. दास्कानियोंच्या स्कूटरचं चाक छोटं, त्यामुळे खड्ड्यात ती आपटते. इंजिन उजव्या बाजूला, म्हणून वजनही एका अंगाला. सकाळी गाडी तिरकी करून किक मारणारे वडील ज्यांना आठवतात, त्यांना स्कूटरचे नखरे वेगळे सांगायला नकोत. पंढरपूर, अक्कलकोट असं रोज फिरायचं असेल तर मोटारसायकल बरी. पेठेत माल पोचवायचा, पोरांना शाळेत सोडायचं, बायकोला बाजारात न्यायचं, तर स्कूटर. १९८५ नंतर कमी पेट्रोल खाणाऱ्या १०० सीसीच्या मोटारसायकली आल्या आणि लोक तिकडे वळले, तेही खर्चाचा हिशोब करूनच.

इकडे दास्कानियो स्कूटरवर खूश होते का? तर नाही. व्हेस्पा धो धो विकली जात असताना ते पुन्हा हेलिकॉप्टरकडे वळले होते. पण तोवर अमेरिकेत सिकोर्स्की पुढे निघून गेले होते आणि पियाजिओने हेलिकॉप्टरचा नाद सोडला. १९६४ मध्ये दास्कानियोंनी कंपनी सोडली. त्यानंतर अगुस्ता कंपनीसाठी त्यांनी प्रशिक्षणाचं छोटं हेलिकॉप्टर आखलं, पण तेही कारखान्यातून बाजारात गेलं नाही. ६ ऑगस्ट १९८१ ला पिसा शहरात, वयाच्या नव्वदीत ते गेले. जग त्यांना स्कूटरवाला म्हणून ओळखत होतं, आणि ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत सलत राहिली.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवलं आणि २०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली. इंजिन गेलं, किक गेली, गिअर गेले. पाय ठेवायची सपाट जागा आणि पुढची ढाल मात्र तशीच आहे. आज साडी नेसलेली एखादी शिक्षिका ती गाडी स्वतः चालवत शाळेत जाते, तेव्हा मोटारसायकलीबद्दलची दास्कानियोंची पहिली तक्रार किती बरोबर होती ते कळतं.