खुर्ची सोडून मुंडण करणारा मंत्री : वू वान मौ

वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारावर पंचरंगी धम्मध्वज चढतो, तेव्हा आपल्याला कुणी अडवत नाही. त्यामुळे त्याचं मोलही फारसं ध्यानात येत नाही. याच ध्वजापायी १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये माणसं मेली. त्या लढ्यातले भिक्खू थिक क्वांग डुक आपल्यापैकी अनेकांना ऐकून ठाऊक आहेत. पण त्याच वेळी सरकारात बसलेल्या एका बौद्ध उपासकाने काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांची ओळख आम्ही इथे करून देत आहोत.

वू वान मौ यांचा जन्म १९१४ साली व्हिएतनामच्या उत्तर भागात, हनोईजवळ झाला. कायदा शिकून त्यांनी पॅरिसला डॉक्टरेट मिळवली. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले. मौ दक्षिणेत सायगावला (आजचे हो ची मिन्ह शहर) कायद्याचे प्राध्यापक होते. राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांनी त्यांना १९५५ साली परराष्ट्रमंत्री केलं. पुढली आठ वर्षं ते त्या पदावर होते.

देशात बहुसंख्य बौद्ध, पण सत्ता दिएम यांच्या कॅथलिक कुटुंबाच्या हाती. कायद्याच्या लेखी बौद्ध धम्म म्हणजे एखादं मंडळ. चर्चला मात्र तो नियम लागू नव्हता. मौ कायदेपंडित. त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं? तरी ते आठ वर्षं मंत्रिमंडळात राहिले, हेही आम्ही झाकून ठेवत नाही.

८ मे १९६३ रोजी बुद्धजयंतीला हुए शहरात धम्मध्वज लावायला बंदी झाली. थोड्याच दिवसांपूर्वी तिथे चर्चचे झेंडे खुशाल फडकले होते. लोक जमले, तेव्हा सरकारी फौजेच्या कारवाईत आठ-नऊ जणांचे जीव गेले. ध्वजाचा हक्क, सर्व धर्मांना समान कायदा, अटकसत्र थांबवणं, धम्मप्रचाराची मोकळीक आणि मृतांना न्याय, अशा पाच मागण्या बौद्धांनी केल्या. ११ जूनला थिक क्वांग डुक यांनी सायगावच्या भर चौकात आत्मदहन केलं. तरी सरकार नमलं नाही. २१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर सशस्त्र शिपाई सायगावच्या सा लोई विहारात घुसले. सा लोई म्हणजे बुद्धाच्या अस्थिधातू. त्यावरूनच विहाराचं नाव. देशभरात १,४०० हून अधिक लोकांना पकडलं, त्यात भिक्खू-भिक्खुणी पुष्कळ होते.

दुसऱ्याच दिवशी मौ यांनी राजीनामा दिला आणि भिक्खूसारखं मुंडण करून घेतलं. भारतात बुद्धाच्या भूमीच्या यात्रेला जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. परराष्ट्रमंत्र्याचं भादरलेलं डोकं सगळ्या शहराने पाहिलं. भाषणाची गरजच उरली नाही. अमेरिकेतले राजदूत त्रान वान चुआंग यांनीही पद सोडलं. ते तर राष्ट्राध्यक्षांच्या भावजयीचे सख्खे वडील! सायगावचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शेकडोंना अटक झाली. मौ यात्रेला निघाले तेव्हा त्यांनाही अडवून ताब्यात घेतलं. तुरुंगात मात्र टाकलं नाही. १ नोव्हेंबरला लष्कराने उठाव केला. दुसऱ्या दिवशी दिएम आणि त्यांचे भाऊ न्हू मारले गेले.

पुढे मौ यांनी ब्रिटनमध्ये राजदूत म्हणून काम केलं. १९७० साली सिनेटच्या निवडणुकीत त्यांनी बौद्धांच्या पाठिंब्याच्या गटाचं नेतृत्व केलं. निशाणी कमळाची, तो गट पहिला आला. लढाई थांबवून समेट व्हावा, ही त्यांची भूमिका. २८ एप्रिल १९७५ रोजी, शत्रूसैन्य वेशीवर असताना, जनरल मिन्ह यांनी त्यांना पंतप्रधान केलं. समेटाची वाट मोकळी व्हावी म्हणून अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांना २४ तासांत देश सोडायला सांगण्यात आलं. पण वेळ टळून गेली होती. ३० एप्रिलला सरकारने शरणागती पत्करली. पंतप्रधानपद दोन-तीन दिवसांचंच ठरलं. नंतर मौ फ्रान्सला गेले आणि १९९८ साली पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

मौ यांची आठवण राहते ती पंतप्रधानपदामुळे नाही, मुंडणामुळे. आपल्या बाबासाहेबांनीही १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर कायदामंत्रीपद सोडलं होतं. आज आपली मुलं-मुली शिकून कचेऱ्यांत, बँकांत मोठ्या हुद्द्यांवर बसतात. त्याचा आम्हांला अभिमानच आहे. खुर्ची कष्टाने मिळते, ती उगाच कुणी सोडू नये. पण आपल्याच माणसांवर अन्याय होत असताना गप्प बसणं हीच त्या खुर्चीची किंमत असेल, तर काय करायचं? मौ यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण त्यांनी ते दिलं. घरी मुलांना धम्मध्वजाचे रंग समजावून सांगताना हेही सांगावं, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!